विशेष आभार

"दादा, ह्यात मी मेलीया का?"

वैजंतानं हे विचारलं तेव्हा खोलीत तिच्यासकट पाच बायका, तिची सात वर्षांची मुलगी प्रगती, कुमुदताई आणि मी एवढी माणसं होतो. मी सोडून सगळे हसले. समोर टीव्हीवर माझी फिल्म चालू होती. वैजंता पडद्यावर पाठमोरी, काळोखात बसली होती. तिच्या डाव्या बाजूला मी एक पणती तेवत ठेवली होती, उजव्या बाजूनं गुलाबाच्या पाकळ्या हळूहळू गळत होत्या आणि मागे सनई गळा काढून रडत होती.

"तसं नाही," मी म्हणालो. "जरा भावनिक वाटावं म्हणून."

"वाटतंयाच की. निस्ता हार घालायचा ऱ्हायलाय."

पुन्हा हशा झाला. कुमुदताईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. कऱ्हाडला मंडईच्या मागच्या बोळात माझं लग्नाच्या व्हिडिओंच्या मिक्सिंगचं दुकान होतं. एडिटिंगला आमच्याकडे तेव्हा मिक्सिंग म्हणायचे. नवरा-नवरीला कमळात बसवायचं, ताजमहालासमोर उभं करायचं, वरातीत नाचणाऱ्या मामाला उलटसुलट पळवायचं, हे सगळं मी करायचो आणि त्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. निदान मला तसं वाटायचं. आषाढ लागला की मात्र धंदा बसायचा. तुळशीचं लग्न लागेपर्यंत माणसांची लग्नं लागत नाहीत.

कुमुदताई शेडबाळे नेमक्या तेव्हा दुकानात आल्या. त्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. अर्ध्या कऱ्हाडला त्यांनी इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे अर्धं कऱ्हाड त्यांना अजून बिचकून असायचं. मीही त्यातलाच.

"काय दिगंबर, रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावतोय वाटतं?"

मी संगणकावर पत्ते खेळत होतो. ते मिटवायला जरा उशीर झाला.

नवऱ्याच्या मारहाणीमुळे घर सोडलेल्या बायकांसाठी त्या 'ओसरी' नावाचं केंद्र चालवायच्या. दोन खोल्यांचं ऑफिस सगळ्यांना ठाऊक होतं. बायका राहायच्या ते घर मात्र सुखकर्ता कॉलनीत आहे हे चारपाच जणांनाच माहीत होतं; पुढे मलाही कळलं. त्यांनी या बायकांचं बोलणं एका ओळखीच्या मुलाकडून शूट करून घेतलं होतं. नऊ तासांचं होतं. त्याची वीसेक मिनिटांची फिल्म करून गावोगावच्या बायकांना दाखवायची, असा बेत होता.

"पैसे मिळणार नाहीत," त्या म्हणाल्या. "चहा मिळेल. तोही बिनसाखरेचा, मला मधुमेह आहे."

तर असा मी समाजसेवेत शिरलो.

वैजंतामुळे सनई गेली, पणती गेली, पाकळ्या गेल्या. माझी मान खाली गेली ती वेगळीच. तिनं कुमुदताईंना सांगितलं, "ह्यास्नी एकटं सोडू नगा. ह्ये परत पाकळ्या टाकतील." म्हणून मी माझा संगणक एम-८० फटफटीवर बांधून ओसरीच्या त्या घराच्या मागच्या खोलीत आणला आणि दुपारच्या वेळी वैजंता माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसू लागली. पहिल्या दिवशी तिला माउस धरता येत नव्हता. तिसऱ्या दिवशी ती मला "हितनं कापा" म्हणून बोट दाखवत होती, आणि सांगायला लाज वाटते, पण बोट बरोबर जागी असायचं.

"ह्ये रडण्याचं काढा," ती म्हणाली.

"अहो, तेच तर खरं आहे. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

"मी रडताना लोकांनी लई बघितलंया दादा. दारं उघडून उघडून बघितलंया. डोळ्यात पाणी आलं, आन् दारं लावून घेतली. आता मी काय म्हणतीया त्ये ऐकू द्या."

मी कापलं. मग तिनं मी मुद्दाम वगळलेला एक तुकडा परत आणायला लावला. त्यात पाचही जणी, वैजंता पाठमोरीच, कुमुदताईंच्या चालण्याची नक्कल करून हसत होत्या. मी म्हणालो, विषय गंभीर आहे, यात हसणं शोभणार नाही. ती म्हणाली, "घर सोडलं तर बाई मरती आसं सगळ्यास्नी वाटतंय. त्येन्ला कळू द्या की हसत्यात म्हणून." मी तो तुकडा परत जोडला.

पाचांपैकी चौघींचे निकाल लागले होते. कुणी फारकत घेतली होती, एकीचा नवरा तुरुंगात होता. लपून होती ती एकटी वैजंता. तिचा नवरा ट्रक चालवायचा. पोरीला घेऊन गेलीस तर दोघींना विहिरीत घालीन, असं तो चारचौघांत बोलला होता, आणि तिच्या खांद्याचं हाड ज्या पद्धतीनं मोडलं होतं ते कुमुदताईंनी स्वतः पाहिल्यामुळे त्यांना ते बोलणं खोटं वाटत नव्हतं. तो तिला शोधत होता. माहेरी दोनदा जाऊन आला होता. म्हणून तिच्यासाठी ताईंचा नियम होता: चेहरा नाही, आवाज नाही, नाव नाही.

आवाज मी बदलला. पहिल्यांदा तो इतका जाड झाला की वैजंता म्हणाली, "आगं बया, ह्यो आवाज आधी आसता तर त्योच घर सोडून गेला आसता." मग जरा पातळ केला.

आणि एवढं सगळं असताना ती ताईंच्या मागे लागली होती की फिल्म सगळ्यात आधी बोरजाईवाडीत दाखवा. ते तिचं सासर. कऱ्हाडपासून अठरा किलोमीटर.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" ताई म्हणाल्या.

"आमच्या गल्लीत माझ्यावानी आजून दोगी हायत, ताई. एक तर प्वाटुशी हाय. त्येन्ला कोण सांगायचं?"

ताईंनी दोन दिवस घेतले. फिल्म तीनदा बघितली, डोळे मिटून एकदा नुसती ऐकली, आणि मग हो म्हणाल्या. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला होता. मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढचं सांगायला जड जातं.

लग्नाच्या व्हिडिओत शेवटी नावं येतात. विशेष आभार, म्हणून. वरकरणी फालतू गोष्ट, पण आमच्या धंद्यात सगळ्यात जोखमीची. एकदा मी नवरीच्या धाकट्या मामांचं नाव विसरलो, तर ते मामा सकाळी येऊन दुकानाच्या पायरीवर बसले ते नाव चढेपर्यंत उठले नाहीत. तेव्हापासून मी शिकलो होतो की एक वेळ नवरदेव राहिला तरी चालेल, नाव राहता कामा नये. आणि नाव घालायचं ते रीतसर. सौभाग्यवती, मधे नवऱ्याचं नाव, गाव, आणि माणूस गावात राहत नसेल तर हल्ली मुक्काम.

फिल्म मंजूर झाली तेव्हा मला वाटलं, या बायकांनी एवढं केलं, यांचं नाव आयुष्यात कधी पडद्यावर आलं असेल का? आपण यांना चकित करू. चहाच्या वेळी मी एकेकीला सहज विचारल्यासारखं पूर्ण नाव विचारून वहीत टिपलं. चौघींनी सांगितलं. पाचवी म्हणाली, "वैजंता."

"पूर्ण?"

"येवडंच."

मी मनात हसलो. म्हटलं, लाजली. नवऱ्याचं नाव घ्यायला आमच्याकडच्या बायका लाजतातच. काही बिघडत नव्हतं. नऊ तासांच्या शूटिंगमध्ये तिनं रागाच्या भरात एकदा ते नाव घेतलं होतं, गावही सांगितलं होतं, आणि ते मीच कापलं होतं. मला ते पाठ होतं. मी तिच्या नावाची रिकामी जागा भरून टाकली.

नियम मी विसरलो होतो का? आजही नक्की सांगता येत नाही. नियम मुलाखतीसाठी होता, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. नावं ही मुलाखतीनंतर येतात, संगीताबरोबर. ती माझ्या खात्यातली.

दहा डीव्हीडी केल्या आणि ऑफिसात पोचवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीची कार्यकर्ती रोहिणी त्यातली एक घेऊन एसटीनं बोरजाईवाडीला गेली. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये तीन वाजता कार्यक्रम होता. सव्वादोन वाजता मी पेढे घेऊन बायकांच्या घरी गेलो, कारण सगळ्यांनी पक्की फिल्म एकत्र बघायची असं ठरलं होतं.

फिल्म संपली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग बासरी सुरू झाली आणि खालून वर नावं चढू लागली. प्रगती नुकतीच दुसरीत गेली होती. दिसेल ते मोठ्यानं वाचायचं तिला वेड होतं. ती टीव्हीपुढे जाऊन बोटानं वाचू लागली. "वि-शे-ष आ-भार. सौभाग्यवती... वैजंता... संभाजी... घोरपडे. राहणार बोरजाईवाडी. हल्ली मुक्काम ओसरी, सुखकर्ता कॉलनी, कऱ्हाड." आणि मागे वळून आनंदानं म्हणाली, "आई, तुजं नाव! पप्पांचं पण!"

मी अजून पेढ्यांचा खोका हातात धरून हसत उभा होतो.

"दिगंबर," कुमुदताई हळू आवाजात म्हणाल्या, "पाच बायकांच्या पाच नवऱ्यांचे आभार मानलेस की रे."

इतर कुठल्याही दिवशी हे वाक्य ऐकून खोली हसली असती. वैजंता उठली. तिनं प्रगतीला टीव्हीपासून बाजूला घेतलं, दोरीवरचे तिचे दोन फ्रॉक काढले आणि पिशवीत भरायला लागली. मग थांबून माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दादा, मी तुमास्नी येवडंच नाव सांगितलं हुतं."

मला वाटलं, या बाईनं जीव मुठीत धरून लपवलेली गोष्ट मी बासरी लावून जाहीर केली. तिच्या नवऱ्याला तीन महिने जे सापडलं नव्हतं ते मी सुबक अक्षरात, सावकाश, वाचायला वेळ मिळेल अशा गतीनं चढवलं होतं.

रोहिणीचा फोन लागेना. ताईंनी पर्स उचलली. "तुझी ती फटफटी चालते का अजून?"

एम-८० वर माझ्यामागे बसून कुमुदताई अठरा किलोमीटर आल्या. वाटेत एकदाच बोलल्या. "जोरात चालव. मी पडले तर थांबू नकोस."

बोरजाईवाडीला पोचलो तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते. ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर दहाबारा पुरुष उभे होते. आत बायकांसाठीच कार्यक्रम असल्यामुळे त्यांना दारातच थांबवलं होतं, पण दार उघडंच होतं. आत पन्नास-साठ बायका खाली सतरंजीवर. समोर टीव्ही. पाचजणी हसत होत्या तो तुकडा चालू होता, आणि सतरंजीवरच्या बायकाही हसत होत्या. फिल्म मला श्वासाश्वासानं पाठ होती. नावं यायला दोन मिनिटं होती. मी टीव्हीपर्यंत बायकांना तुडवत गेलो असतो तर गावानं मला तिथंच झोडपलं असतं.

कुमुदताई दारात उभ्या राहिल्या आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हणाल्या, "काय हो सरपंचबाई, या गावात पाहुण्यांचा सत्कार करायची पद्धत नाही वाटतं?"

जन्मात कधी सत्कार न घेतलेली ती बाई. नारळ दिला तर म्हणायची, त्यापेक्षा साबण द्या. पण गाव गडबडून गेलं. पाहुणे आले आणि आपल्याला पत्ता नाही! सरपंचबाई उठल्या, त्यांच्यामागे सगळ्या बायका उठल्या, कुणी हळदीकुंकवाचं ताट शोधायला धावलं, कुणी शाल, कुणी नारळ. शाल मिळेना, तेव्हा टीव्हीखालची नक्षीची चादर ओढून आणली. त्या गर्दीतून मी भिंतीच्या कडेनं पुढे सरकलो, बटण दाबलं आणि डीव्हीडी शर्टाच्या आत घातली. तबकडी गरम होती. टीव्हीवर निळा पडदा आला.

"सीडी अडकली," मी रोहिणीला म्हणालो. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि डीव्हीडीचं रिकामं कव्हर पिशवीत टाकलं.

सत्काराला उत्तर म्हणून ताई अर्धा तास बोलल्या. काय बोलावं ते त्यांनाही सुचत नसणार, म्हणून त्या चाळीस वर्षांच्या सवयीवर गेल्या. बायकांच्या अंगात रक्त कमी असतं, लोहाच्या गोळ्या घ्या, लोखंडी कढईत भाजी करा, आणि शेवटी ओसरीच्या ऑफिसचा फोन नंबर दोनदा सांगितला. एक पोटुशी बाई तो तळहातावर पेनानं लिहून घेत होती. मी वायर गुंडाळत उभा होतो. पाठीवरून घाम चालला होता, पण आता पहिल्यांदा मला श्वास पुरत होता.

तेवढ्यात एक म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. नऊवारी लुगडं, हातात काठी. टीव्हीच्या निळ्या पडद्याकडे बघत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरगी जेवती का नीट?"

"कोण पोरगी, आजी?"

"आवाज बदालला म्हणून काय झालं? आठ वर्सं येका चुलीवर सैपाक केलाय आमी." तिनं काठी या हातातून त्या हातात घेतली. "वरणभात लागतोय माझ्या नातीला. भाकरीला तोंड वाकडं करती. आईवानीच हाय."

माझ्या हातातली वायर तशीच राहिली. ही वैजंताची सासू होती. मला दाराकडे बघायचं धाडस होईना, पण तीच म्हणाली, "निळ्या शर्टात हाय त्यो माझा ल्योक. बघू नगा तिकडं."

मी बघितलं नाही.

"साळंत घातली का तिला?"

मला त्या क्षणी काय काय सांगावंसं वाटलं म्हणून सांगू! की हो आजी, दुसरीत आहे, दिसेल ते वाचते, दुकानाच्या पाट्या वाचते, औषधाच्या बाटल्या वाचते. की भाकरीला अजून तोंड वाकडं करते. म्हातारीचे डोळे भरून आले होते आणि ती फक्त दोन शब्दांसाठी थांबली होती. मला ते शब्द देता आले असते. आयुष्यभर मी लोकांना खूश करण्याचाच धंदा केला होता.

"आजी," मी म्हणालो, "तुम्ही कुणाबद्दल बोलताय मला खरंच माहीत नाही. फिल्ममधली कुठलीच बाई माझ्या ओळखीची नाही. मी नुसता सीडी लावणारा."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे तोंड वळवलं. मला वाटलं, शिव्या देणार.

"हां," ती म्हणाली. "आसंच सांगत जावा. कुणी बी इच्यारलं तरी. मी परत इच्यारलं तरी."

मग काठीवर जोर देऊन उठली आणि दाराकडे गेली. निळ्या शर्टाचा माणूस एक पायरी वर चढून आत डोकावत होता. चांगला उंचापुरा, हसऱ्या तोंडाचा. रस्त्यात भेटला असता तर मी त्याला पत्ता विचारला असता.

"काय हुतं गं आत येवडं?" त्यानं विचारलं.

"नर्सबाई आलीया. बायकांचं रगात कमी आसतंय, त्येच्या गोळ्यांचं सांगती," म्हातारी म्हणाली. "तुला काय करायचंय? चल, मला भूक लागलीया."

आणि त्याच्या दंडाला धरून तिनं त्याला पायऱ्यांवरून खाली उतरवलं.